डावा हात खिशात

युसूफ कागदी यांच्या हातांना दहा बोटं होती. इतरांना यात काही विशेष वाटणार नाही. पण छापखान्यात अडतीस वर्षं कागद कापणाऱ्या माणसाची दहाही बोटं शाबूत असणं ही विद्यापीठाच्या पदवीपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती घरबसल्या मिळत नाही. शनिवार पेठेतल्या आमच्या छापखान्यात नवं गिऱ्हाईक आलं की मालक केदार त्याला जिना चढवून वर आणायचा आणि म्हणायचा, "चाचा, जरा हात दाखवा." युसूफभाई दोन्ही पंजे पोटासमोर पसरायचे, शाळेत पोरं नखं कापलीत का ते दाखवतात तसे. गिऱ्हाईक खूश, केदार खूश. युसूफभाईंनाही ते आवडतं असं मी धरून चालले होते.

मी नीरजा. त्यांच्यापासून दहा पावलांवर वीस वर्षं बसते. कॉम्प्युटरवर मजकूर लावते आणि लोकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढते. लग्नपत्रिकेत 'आशीर्वाद'चा 'शी' ऱ्हस्व करणाऱ्या वरपित्यांशी मी भांडलेली आहे. पण दहा पावलांवरच्या माणसाचं काय चाललंय ते मला दिसलं नाही, किंवा दिसलं तरी मी विचारलं नाही.

युसूफभाई कागदीपुऱ्यातले. त्यांचे पूर्वज हाताने कागद बनवायचे. "त्यांनी बनवला, मी कापतो, खानदान तिथल्या तिथेच आहे," असं ते म्हणायचे. वय एकसष्ट, अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. मशीन चालू असताना एक शब्द बोलायचे नाहीत. उजव्या हाताने गठ्ठा सरकवायचा, ठोकून सारखा करायचा, बटण दाबायचं, पातं खाली येऊन गठ्ठ्याचे दोन तुकडे. आणि पातं खाली येताना डावा हात पँटच्या खिशात. गिऱ्हाइकांना ती ऐट वाटायची. आम्हालाही.

त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. मशीन जुनं, केदारच्या आजोबांनी घेतलेलं. त्याला दोन बटणं नंतर बसवली आहेत, एक उजव्या खांबावर, एक डाव्या खांबावर, छातीच्या उंचीला. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर अडकले की पात्याखाली यायला तिसरा हात कोणाकडे नसतो, एवढी साधी अक्कल त्यामागे आहे. आता ज्याचा डावा हात खिशात आहे तो डावं बटण कशाने दाबतो, हा प्रश्न तिसरीतल्या मुलालाही पडावा. पण डावा खांब भिंतीकडे आहे, आणि माणूस मोठा असला की त्याच्याबद्दल लहान प्रश्न पडत नाहीत.

उत्तर मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी कागदाच्या रिमांची थप्पी उतरवताना युसूफभाई स्टुलावरून डाव्या खांद्यावर पडले. रक्त आलं नाही. त्यांनी शर्ट झटकला, चहा घेतला आणि मशीनवर उभे राहिले. आमच्याकडे रक्त आलं नाही तर लागलेलं धरत नाहीत. महिन्याभराने ते माझ्याकडे आले. माझ्या टेबलाखाली अजून छपाईचे खिळे जुळवायच्या काळातला एक खण आहे, त्यात ओळींमधली जागा भरायचे लाकडी तुकडे पडून असतात. "नीरजाताई, यातला एखादा पातळ द्याल?" मी दिला. कशाला, असं मी विचारलं नाही. नंतर एकदा झाडणारी बाई आली नाही म्हणून मीच भिंतीकडून केर काढत होते, तेव्हा तो तुकडा डाव्या बटणात पाचरीसारखा ठोकलेला दिसला. त्यांचा डबाही हल्ली वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आला होता. मला सगळं कळलं, आणि मी केर भरून टाकला.

मी बोलले नाही त्याचं कारण शाल. आमच्याकडे माणसाला काढून टाकत नाहीत, त्याचा सत्कार करतात. अनंतराव बाइंडर एकदा चहाच्या वेळी बोलून गेले की हल्ली गुडघे फार दुखतात. पुढच्या शनिवारी केदारने शाल, नारळ आणि छापील मानपत्र देऊन त्यांना निरोप दिला. मानपत्र मीच लावलं होतं. अनंतराव घरी जाईपर्यंत हसत होते म्हणे. तेव्हापासून वरच्या मजल्यावर कोणाचंही काही दुखत नाही. मी चोपन्न वर्षांची आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि मी मजकूर स्क्रीनवर दुपटीने मोठा करून वाचते. जिन्यात पाऊल वाजलं की लहान करते.

गेल्या वर्षी तेजस आला. मांजरी गावचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, शिकाऊ. हात विलक्षण चपळ. युसूफभाईंना 'चाचा, तुमची स्टाईल म्हणजे एकदम क्लास' म्हणायचा, आणि ते कधी नव्हे ते हसायचे. त्याला त्यांनी गठ्ठा फुंकर घालून मोकळा कसा करायचा ते शिकवलं, पात्याची धार कानाने कशी ओळखायची ते शिकवलं. पाचरीबद्दल काही सांगितलं नाही. पण तो मशीनच्या भिंतीकडच्या बाजूला उभा राहायचा. त्याला ती रोज दिसत होती.

त्याच सुमारास सुरक्षिततेवर बोलायला एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, तरुण कामगारांना जास्त वेळा लागतं, वयस्करांना कमी वेळा, पण लागलं तर भरून यायला फार दिवस जातात. केदारने पहिलं अर्धं वाक्य उचललं. "ऐकलंस ना तेजस? चाचांकडे बघून शिक." तेजसने मान डोलावली. तो बघूनच शिकत होता.

शुक्रवारी दुपारी युसूफभाई नमाजला जात. जाताना पाचर काढून शर्टाच्या खिशात टाकायची, हा त्यांचा चार वर्षांचा नेम. त्या शुक्रवारी त्यांना उशीर झाला होता आणि ते तसेच जिना उतरले. दहा मिनिटांनी केदार वर आला. त्याला एका दुकानाची कार्डं तातडीने हवी होती. "चाचा कुठे? बरं, तूच मार रे दोन कट. बघतोस ना रोज?"

तेजस मशीनसमोर उभा राहिला. पाचर जागेवर होती. त्याला ती युसूफभाईंची युक्ती वाटली, उस्तादाने ठेवलेली सोय. पहिला कट बरोबर पडला. दुसऱ्या वेळी उजव्या हाताने बटण दाबता दाबता त्याला वरचं एक कार्ड वाकडं दिसलं, आणि त्याचा मोकळा, चपळ डावा हात ते सरळ करायला गेला.

पाचर युसूफभाईंना कधी चावली नाही, कारण त्यांचा डावा हात पुढे जाऊच शकत नव्हता. त्यांना त्यांच्या दुखण्याने राखलं होतं. पोराचा हात निरोगी होता. त्याने पाचर घेतली, खिसा घेतला नाही. कोणी सांगितलंच नव्हतं की दोन्ही एकत्र घ्यायचे असतात.

डाव्या हाताची दोन बोटं गेली, मधल्या पेरापासून. मी त्याच्या हाताला माझा पदर गुंडाळला. तो ओरडलासुद्धा नाही, फक्त विचारत होता, "मॅडम, कार्डं खराब झाली का?"

दवाखान्यात त्याचे वडील आले. उसाच्या फडावरून तसेच आले होते, पायांना चिखल होता. त्यांनी आधी पोराच्या हाताकडे बघितलं आणि मग केदारपुढे हात जोडले. "साहेब, पोरगं येडं हाय. तुमचा काय बी दोष न्हाई." युसूफभाई दाराशी उभे होते. ते आत गेले नाहीत.

सोमवारी केदारने मला निवेदन टाइप करायला दिलं. कामगाराने स्वतःच्या अविचाराने बटणात लाकडी तुकडा अडकवला, असा मजकूर. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या. मशीन सांभाळणारे म्हणून युसूफभाईंची सही हवी होती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले,

"केदारसाहेब, ती पाचर माझी आहे."

केदारने त्यांच्याकडे बघितलं, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले. "चाचा, तुमचं मन मोठं आहे. पण पोरासाठी खोटं बोलू नका."

"खोटं नाही. मीच लावतो ती."

"अडतीस वर्षांत नखाला धक्का नाही तुमच्या, आणि तुम्ही पाचर लावणार? बरं, मला सांगा, कशासाठी लावता?"

एवढाच प्रश्न होता. उत्तर चार बोटं लांब होतं, हात वर उचलून दाखवला की संपलं. युसूफभाईंचा डावा हात खिशात होता. मी बघत होते. खिशात मूठ वळलेली दिसली, कापड ताणलं, सैल पडलं.

"सवय," ते म्हणाले.

"बघा," केदार प्रेमाने म्हणाला, आणि पेन पुढे केलं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. लाकडाचा तुकडा माझ्या खणातला होता, माझ्याकडे पुरावा होता. मी स्क्रीनवरचा मजकूर लहान केला. याची मला लाज वाटते, आणि नुसती लाज वाटून काही होत नाही हेही मला माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बोळात बातमी झाली होती की युसूफभाई पोराचा गुन्हा स्वतःवर घेत होते. चहावाला त्यांच्याकडून पैसे घेईना. लोक खरं मानत नाहीत इथवर ठीक, पण खरं बोलल्याबद्दल खोट्याची वाहवा पदरात पडावी, यासारखी कोंडी मी दुसरी पाहिली नाही. जेवढं बोलत तेवढे ते आणखी थोर होत. मग त्यांनी बोलणं सोडलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. काही मागितलं नाही. जुना तुकडा केदारने सही झालेल्या निवेदनासोबत ठेवून घेतला होता. मशीनवर दिवाळी अंकांचे गठ्ठे आले होते. मी खण उघडला, एक पातळ तुकडा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

दोन महिन्यांनी तेजस परत आला. केदारने त्याला घडी घालायच्या टेबलावर ठेवून घेतलं होतं आणि त्याला माणुसकी म्हणायला तो विसरला नव्हता. तेजस वर आला तो थेट युसूफभाईंकडे गेला आणि पायांशी वाकला.

"चाचा, सरांनी सांगितलं. माझ्यासाठी तुम्ही स्वतःचं नाव खराब करून घेत होतात. सॉरी चाचा. माझीच घाई झाली."

"ऊठ," युसूफभाई म्हणाले. "ऊठ, आणि इकडे बघ."

त्यांनी डावा हात खिशातून काढला आणि डाव्या खांबाकडे न्यायला सुरुवात केली. हात कोपरापर्यंत वर आला आणि थांबला. त्यांनी दात आवळले, अंग वाकडं केलं, कपाळावर घाम आला. बटण वीतभर लांब राहिलं, आणि बटणात नवी पाचर होती.

"इथवरच जातो," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. तू घाई केली नाहीस बेटा. मी विसरलो."

तेजसने हाताकडे बघितलं, पाचरीकडे बघितलं. मग स्वतःच्या पंजाकडे, जिथे दोन बोटं अर्धी होती. त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडावं, माझ्याही नावाने ओरडावं. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा होते.

तेवढ्यात जिना वाजला. केदारचा आवाज, मागे नवं गिऱ्हाईक. युसूफभाईंनी हात तसाच ठेवला. या वेळी ते तो खाली घेणार नव्हते, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

तेजसने त्यांचं मनगट धरलं.

"चाचा, हात खाली घ्या," तो हळूच म्हणाला. "शाल आणतील."

त्याने त्यांचा हात अलगद खाली आणला आणि पाचर उपटून मुठीत घेतली. केदार वर पोचला. गिऱ्हाइकाला पुढे करत हसून म्हणाला, "चाचा, जरा हात दाखवा."

युसूफभाईंनी तेजसकडे बघितलं. मग दोन्ही पंजे पोटासमोर पसरले, दहा बोटं. गिऱ्हाईक वा म्हणालं. तेजस त्यांच्या शेजारी उभा होता, डावा हात खिशात घालून.