दस्तगीरचाचांची कात्री

दस्तगीरचाचा माणसाच्या तोंडाकडं बघतच नसत, खांद्यांकडं बघत. वृद्धांच्या हक्कांची पत्रकं घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या टेलरिंगच्या दुकानात शिरलो, तेव्हा पत्रक हातात न घेताच म्हणाले, "पावणं, डावा खांदा पडलाय तुमचा. पिशवी दुसरीकडं अडकवा की."

अख्खी हयात शर्ट शिवण्यात घालवलेल्या या माणसानं त्या वर्षी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. आठवड्यानं पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, वयाच्या विसराळूपणापेक्षा हे जास्त आहे, पण डिमेन्शिया नाही. मुलगा सलीमनं कात्री कुलपात घातली. मी भडकलो. हा अन्याय आहे, असं त्याला तोंडावर सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "गिऱ्हाइकाला तोंड तुम्ही देता काय?"

मग मी स्नेहलला आणलं. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आजारपणात अडलेली रोजची कामं पुन्हा जमवून देणारी. मला वाटलं, आता ही मणी ओवायला लावणार. तिनं कात्री मागून घेतली, चाचांपुढं जुनी चादर टाकली आणि तासभर नुसतं बघत बसली. कापताना चाचांचे हात कुठंच अडखळेनात. पण मध्येच गिऱ्हाईक आलं, चाचा दोन शब्द बोलून वळले आणि आखून झालेलीच बाही पुन्हा आखू लागले. कसब सगळं जागेवर. आपण कुठवर आलो होतो, तेवढंच हरवत होतं. असं असू शकतं हे मला ठाऊकच नव्हतं.

स्नेहल म्हणाली, कापताना शटर अर्धं ओढा. कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून टाचण्या लावा, म्हणजे डावी-उजवी बाही एकदमच कापली जाईल; मगच खडू उचला. चाचा हसले. "निम्म्या पेठंला ह्ये मी शिकिवलंय, पोरी." ती म्हणाली, मग मलाही शिकवा. चाचा एकेक पायरी मोठ्यानं सांगत कापत गेले. बाह्यांची जोडी जमली.

मी लगेच चाचांवर नवं पत्रक लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"ह्यात रुग्ण कोण हाय?"

"तुम्ही, चाचा."

"मी टेलर हाय. तसं लिवा. आन् दुकानाचा टाइम बी टाका."

मी 'रुग्ण' खोडून 'टेलर' लिहिलं.

चाचांना जाऊन आता वर्ष होईल. त्याआधीच्या उन्हाळ्यात एका सकाळी टाचण्या लागल्या, शटर अर्धं ओढलेलं, खडू हातात. पण पुढची पायरी त्यांच्या तोंडी येईना. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. सलीम मशीनवरून उठला. त्याच्याशी भांडायला मी तयारच होतो.

चाचांनी कात्री उचलली आणि मूठ सलीमकडं करून धरली.

"कापायचं तू. काजं माझी. त्यास्नी हात लावलास तर बघ."

सलीमनं शर्टाला हात पुसले, कात्री घेतली आणि तसाच उभा राहिला. चाचांनी सुईत दोरा ओवून घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "बघत काय बसलास? काप की."