साकीनाक्याची ट्रेड टेस्ट

कारखान्यात बाकाखाली लोखंडाचा चुरा साठतो ना, तसं आहे हे. रोज संध्याकाळी झाडून काढा, सकाळी चपलेला चार कण चिकटलेलेच असतात. माझ्या चपलेला चिकटलेले हे काही कण.

ऐंशीच्या दशकात अंधेरीला साकीनाक्यावर परेरासाहेबांची एक शेड होती. आखातात कामाला जाणाऱ्यांची तिथे ट्रेड टेस्ट व्हायची. तिकडच्या कंपनीचा साहेब यायचा, डोळ्यांसमोर काम करून घ्यायचा. पास झालात की तिकडे राहून काम करायचा परवाना. त्यावर तुमचा धंदा छापलेला असे: फिटर, वेल्डर, नाहीतर हमाल. छापलं तेच काम करायचं.

मी चौथी नापास, त्यामुळे माझी टेस्ट घ्यायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मी स्टोअर सांभाळायचो. प्लेटा कापून द्यायच्या, कानशी मोजून परत घ्यायच्या आणि उरलेला वेळ लोकांना छळायचं. तरी सगळे मला मामा म्हणत.

*

फॉर्मवरच्या फोटोत टाय हवाच, अशी परेरासाहेबांची ठाम समजूत. म्हणून खिळ्याला एक टाय टांगलेला असे, गाठ मारूनच. निळ्यावर पिवळे ठिपके. सुतार असो की गवंडी, मागे पांढरी चादर, गळ्यात तो टाय, खटॅक.

वर्षभराने तिकडचा एक साहेब फॉर्मचा गठ्ठा चाळत म्हणाला, "तुमची सगळी माणसं एकाच शाळेत शिकली काय?"

परेरासाहेब हळूच मला म्हणाले, "मामा, आता काय सांगू?"

"हो म्हणा. निदान शिकलेत असं तरी वाटेल."

*

एकाच माणसाने तो टाय घालायला नकार दिला. परबभाऊंनी. "माका फास घालू नको," म्हणाले आणि उघड्या कॉलरचा फोटो काढून घेतला.

परबभाऊ मूळचे मालवणकडचे, राहायला घाटकोपरच्या चाळीत. परळच्या मिलमध्ये बावीस वर्षं फिटर. संपानंतर मिलला कुलूप लागलं आणि यांचे कागद आतच राहिले. फिटरचा परवाना हवा तर सर्टिफिकेट जोडायला लागायचं. आयटीआयचं नाहीतर कंपनीचं. भाऊंकडे दोन्ही नव्हती. दोन हात होते, पण हातांची झेरॉक्स निघत नाही.

परेरासाहेब भला माणूस. त्यांनी समजावलं, "परब, हमालाच्या परवान्यावर जा. तो लगेच निघतो."

"हमालाच्या कागदार मी जावचंय नाय."

"का रे बाबा?"

"पोरींका सांगलंय, बापूस फिटर म्हणान चल्लो."

विषय संपला. पण भाऊ रोज येत राहिले. कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे, डबा खायचे, घरी जायचे. मी म्हणायचो, "भाऊ, परवाना मिळेपर्यंत निदान पेन्शन तरी चालू होईल." ते हसायचे. माझ्या विनोदाला हसणारा तो शेडमधला एकटाच माणूस.

*

वेसाव्याचा धन्या कोळी. होड्यांची इंजिनं जोडता जोडता वेल्डिंग शिकलेला. टेस्टला साहेबाने मुद्दाम पाइप भिंतीला चिकटून बांधला. मागच्या बाजूला बोट जाईल, डोळा जाणार नाही. साहेब म्हणाला, "मागून जोड."

धन्याने शर्टाच्या खिशातून कंगवा काढला. आम्हाला वाटलं, हा आता भांग पाडणार. त्याने कंगव्यासोबतचा चिमुकला आरसा काढला, ओल्या मातीने भिंतीला चिकटवला आणि आरशात बघत पाइप मागून जोडला. उलटा हात, उलटी ठिणगी, तरी जोड कसा, तर वेणी घातल्यासारखा.

साहेब आधी जोडाकडे बघत राहिला, मग आरशाकडे, मग धन्याकडे.

मी विचारलं, "धन्या, हे कुणी शिकवलं रे?"

"त्यात काय शिकायचं मामा? दाढी करतो तसंच ना."

त्या दिवसापासून मी दाढी न्हाव्याकडे करतो.

*

मुलुंडचा एक सिव्हिल इंजिनिअर टेस्टला यायचा होता. साहेबाला उशीर होता म्हणून मी खिळ्यावरचा टाय चढवला आणि साहेबाच्या खुर्चीत बसलो. पोरगं आत आलं, "गुड मॉर्निंग सर" म्हणून उभंच. मला इंग्रजी येतं दोन शब्द. मी म्हटलं, "व्हेरी गुड." ते बोलत सुटलं. पूल, खांब, काँक्रीट. मी मध्येमध्ये "व्हेरी गुड" पेरत होतो.

शेवटी मला राहवेना. मराठीतच विचारलं, "या जमिनीला उतार कुठे आहे?"

पोरगं चपापलं, पण डगमगलं नाही. माझ्या चहाची बशी धुऊन जमिनीवर ठेवली, काठोकाठ पाणी भरलं, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला. "सर, दाराकडे. बशीएवढ्या जागेत अर्धा सूत."

ते गेल्यावर मी लेव्हल लावून बघितलं. दाराकडेच. अर्धा सूत.

खऱ्या साहेबाने त्याला पास केलं. पुढे त्याचं तिकडून पत्र आलं. खाली लिहिलं होतं, "मोठ्या साहेबांना नमस्कार." परेरासाहेब अजून विचारात आहेत, मोठे साहेब कोण.

*

एका दुपारी एक उमेदवार प्लेट घासत होता. परबभाऊ डोळे मिटून बाकावर. आम्हाला वाटलं, झोपले. तेवढ्यात डोळे न उघडता म्हणाले, "झिला, डाव्या हातान दाबतंस. तो कोपरो खाली गेलो."

पोराने मोजलं. डावा कोपरा केसभर खाली.

परेरासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "परब, तुम्ही फक्त ऐकलंत?"

"लोखांड सांगता ना."

"उद्या मिसरी साहेब येतोय. तुमची टेस्ट घ्यायला लावतो. पण कागदाचं मी काही करू शकत नाही, हां."

*

मिसरी साहेब म्हणजे इजिप्तचा इंजिनिअर. जाडा, घामाघूम, फार कमी बोलणारा. फिटरची टेस्ट ठरलेली: एका प्लेटला चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्या प्लेटमधून तेवढाच चौकोन कापायचा आणि त्या भोकात बसवायचा. सगळं हाताने. फटीतून उजेड दिसला की नापास. वेळ दिवसभर.

प्लेटा मीच दिल्या. संध्याकाळी भाऊंनी टेबलावर काम ठेवलं आणि मागे हात बांधून उभे राहिले.

साहेबाने प्लेट उचलली. उलटी केली, सुलटी केली. कपाळाला आठ्या. परेरासाहेबांना म्हणाला, "याने काही केलंच नाही. दिवसभर नुसती प्लेट घासत बसला." आणि फॉर्मवर फुली मारली.

मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, कोरी प्लेट. ना भोक, ना रेघ. भोक पाडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी आता ते कुठे होतं ते दिसेना.

भाऊंनी प्लेट घेतली आणि मधोमध अंगठा दाबला. खालून एक चौकोन सावकाश बाहेर यायला लागला, देवघराचा खण सरकावा तसा. आला आणि साहेबाच्या फॉर्मवर पडला, फुलीवरच.

मला एकही विनोद सुचला नाही.

साहेबाने तो तुकडा उचलला. लोक अशा तुकड्यावर एका बाजूला खूण करून ठेवतात, कारण तो एकाच बाजूने नीट बसतो. साहेब खूण शोधत होता. सापडेना. त्याने विचारलं, "वरची बाजू कुठली?" परेरासाहेबांनी भाऊंना ते मराठीत सांगितलं.

भाऊ म्हणाले, "खयचीय करा."

साहेबाने तुकडा बसवला, ट्यूबलाइटसमोर धरला. काढला, फिरवला, परत बसवला. चार बाजूंनी. मग पालथा करून परत चार. आठही वेळा मी मान वर करून बघितलं. उजेड नाही.

साहेबाने जुना फॉर्म फाडला, नवा घेतला. धंदा: फिटर. लिहीत लिहीत खाली आला.

परेरासाहेब अवघडून म्हणाले, "सर, याच्याकडे सर्टिफिकेट नाही. तिकडचं परवान्याचं ऑफिस फॉर्म परत पाठवेल."

साहेबाने त्यांच्याकडे बघितलं. 'सर्टिफिकेट जोडलं आहे' या चौकोनात खूण केली. मग तुकडा प्लेटमध्ये दाबून बसवला आणि ती प्लेट फॉर्मसकट खाकी पाकिटात सरकवली.

परबभाऊ माझ्या कानाशी आले.

"पाकीट फाटतला रे मामा. आत पुठ्ठो घाल."