तीन मीटरचं रेडिओ स्टेशन

बायको पीएचडी, मी दहावी नापास. योकोहामात तिच्या युनिव्हर्सिटीच्या क्वार्टर्समध्ये मला एकच खातं होतं, कचरा वेगळा करायचं. त्या वर्षीच्या मोठ्या भूकंपानंतर सगळे उशाशी रेडिओ घेऊन झोपायचे, पण बातम्या जपानीत. म्हटलं, कॅम्पसमधल्या मराठी पोरांसाठी आपणच बोलू. एक छोटा एएम ट्रान्समीटर आणला.

बायकोने नियम वाचला. "लायसन लागत नाही. पण तीन मीटरवर जेमतेम पोचेल एवढाच जोर हवा."

"तेवढं तर मी नुसता बोललो तरी पोचतं."

"मग नुसता बोल ना."

म्हणजे काय, वाटेल ते बोला, कोणी ऐकता कामा नये. मी शहाणा. अँटेनाची वायर बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधली. आवाज पार कॅन्टीनपर्यंत गेला. बातम्या दोन मिनिटांत संपायच्या. मग बायकोच्या प्रोफेसरची, म्हणजे सेन्सेईंची, टिंगल. "मीटिंगमध्ये डोळे मिटतात. झोपलेत की विचार करतायत, ते कळेपर्यंत भूकंप येऊन जातो." पोरं हसायची, मी फुगायचो.

तळमजल्यावरच्या आजोबांच्या रेडिओत मात्र बातम्यांच्या जागी मीच लागायला लागलो. त्यांनी तक्रार केली. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसचा माणूस सिग्नल मोजायचा मीटर घेऊन आला आणि इतका वाकला, की मला वाटलं बक्षीसच द्यायला आलाय. सोबत सेन्सेई, कारण बायकोचे जामीन तेच. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, तेही त्याच महिन्यात त्यांच्याच हातात. बायको माझ्याकडे बघतही नव्हती.

ऑफिसवाल्याने वायर कापली. आता बोलून दाखवा म्हणाला. सेन्सेई कानाला रेडिओ लावून समोर उभे. माझं डोकं रिकामं. तोंडाला जी सवय होती तेच बाहेर पडलं, "नमस्कार मंडळी, आज सेन्सेई चक्क जागे आहेत."

सेन्सेई हा शब्द त्यांना कळला. त्यांनी बायकोला विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणतायत?

बायको जपानीत शांतपणे म्हणाली, "भूकंप आला तर सेन्सेई सांगतील तसं वागा, म्हणतोय."

सेन्सेई खूश. मागे सरकत दारापर्यंत गेले, तिथे रेडिओत नुसती खरखर. ऑफिसवाल्याने मान डोलावली. फार उपयोगी कार्यक्रम आहे, बंद करू नका, असं सांगून सेन्सेई गेले. कॉन्ट्रॅक्टही वाढवलं.

दार लागल्यावर मी विचारलं, "मग चालू ठेवू?"

"ठेव," बायको म्हणाली. "मी लॅबमध्ये असते तेव्हा."