विहीणबाईंचा ड्रॉवर आणि वाटीभर फेस

"हात मांडीवर ठेवायचे," जिना चढता चढता बायको म्हणाली. "जेवताना सोडून. आणि नाक..." ती एक पायरी थांबली. "नाकाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

फेसमामांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. मग दुसऱ्या मजल्यावरचा गॅसचा मीटर दिसला तसे ते थांबले आणि त्याच्या नटावरून अंगठा फिरवून आले.

"अहो!"

"सहज गं."

"तुमचं सगळं सहजच होतं. मागच्या महिन्यातही सहजच झालं होतं."

मामा पुढच्या पायऱ्या चढू लागले.

सव्वीस वर्षं ते घरोघर गॅसची लाइन टाकत होते. पाइप जोडायचा, नट आवळायचा आणि मग वाटीत साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडाला फासायचा. साठ अंक मोजायचे. फुगा आला तर गळती, नाही आला तर पुढचा जोड. यावरून त्यांना फेसमामा नाव पडलं, ते पार पगाराच्या पाकिटापर्यंत गेलं. आता बोटाएवढी यंत्रं निघाली होती, चूं चूं करणारी. मामा ती वापरत, पण फेस काही सुटला नाही. "यंत्राला शंका येते, फेस पुरावा देतो," असं ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांनी इतक्या स्वयंपाकघरांत म्हटलं होतं की बायको त्यांच्याआधीच ते पूर्ण करायची.

मागच्या महिन्यात मात्र यंत्र नव्हतं, फेसही नव्हता, नुसतं नाक होतं. साडूकडे चहा पिता पिता मामांना वास आला. ते उठले, ओरडले आणि पाच मिनिटांत चार मजले रिकामे केले. एकतीस माणसं रस्त्यावर उभी. त्यांतल्या एकाची अर्धी दाढी झालेली, एक बाई डोक्याला मेंदी फासलेली. शेवटी फ्रिजच्या मागे पडलेला एक कोबी सापडला, सडून काळा झालेला. साडू अजूनही फोन उचलला की विचारत, "काय म्हणतोय कोबी?"

मामांची चूक तशी समजण्यासारखी होती. गॅसला स्वतःचा वास नसतो. चोराच्या पायात घुंगरू बांधावं तसा तो मुद्दाम घालतात, आणि तो नेमका सडक्या कोबीसारखा असतो. पण अर्धी दाढी झालेल्या माणसाला हे कोण समजावणार?

त्यामुळे मुलीचा फोन आला तेव्हा तिचा सूर विनंतीचा नव्हताच.

"बाबा, माझ्या सासरी पहिल्यांदाच येताय. पाहुणे म्हणून या. हत्यारांची पिशवी आणायची नाही. मी घरी सांगितलंय, तुम्ही गॅस कंपनीच्या तांत्रिक विभागात आहात."

"आहेच की मी."

"आहातच. पण म्हणून ओट्याखाली शिरायचं नाही. कोबी इथपर्यंत पोचलाय, बाबा. सासूबाई हसत होत्या. मीही हसले, काय करणार? परत तसं काही झालं ना, तर मला या घरात मान वर करता येणार नाही."

मुलीचा आवाज शेवटच्या शब्दांना जरा बारीक झाला होता. मामांनी पिशवी घरी ठेवली. बसमध्ये तीनदा त्यांनी ती मांडीवर चाचपली आणि तीनदा त्यांच्या हाताला स्वतःचा गुडघा लागला.

दार उघडलं ते व्याह्यांनी. व्याही निवृत्त हेडमास्तर. प्रत्येक वाक्य जणू फळ्यावर लिहून खाली रेघ मारल्यासारखं.

"या, साहेब! मूळ मुद्दा असा, की आधी बसा. दुसरा मुद्दा, बूट दारात राहू द्या."

विहीणबाई मागून आल्या. त्यांच्या बोलण्याला शेपूट असायचं. "उशीर झाला नाही का. ऊन किती आहे नाही का. ताई, तुम्ही वाळलात नाही का." मामांच्या बायकोने एकदा "हो का" म्हटलं, एकदा "नाही हो" म्हटलं आणि मग नुसतं हसायचं ठरवलं. जावई हात जोडून हसत होता. मुलगी मात्र बापाच्या हातांकडे बघत होती. मामांनी हात मांडीवर ठेवले.

सरबत झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "आमचं नवं स्वयंपाकघर बघायचंय नाही का?"

तिथेच सगळं सुरू झालं.

स्वयंपाकघर म्हणजे दागिन्यांचं दुकान. सगळं पांढरं, चकचकीत, कपाटांना मुठीसुद्धा नाहीत. पाइप कुठे दिसेना, नळी दिसेना. मामांना एकदम चुकल्यासारखं झालं, ओळखीच्या माणसाने तोंड झाकून घ्यावं तसं.

"गॅसची नळी?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"आत!" विहीणबाई अभिमानाने म्हणाल्या. "ड्रॉवरच्या मागून नेलीय सुताराने. काही म्हणजे काही दिसत नाही नाही का. आणि ड्रॉवर कसा मिटतो बघा. आवाज नाही!" त्यांनी ड्रॉवर ओढला, बोटाने ढकलला. ड्रॉवर मांजरासारखा आत गेला.

आणि मामांचं नाक ताठ झालं.

अगदी पुसट. वास आला, गेला. ते मनाशी म्हणाले, कोबी. कोबीच असणार. बायकोकडे पाहिलं तर तिने डोळे वटारले होते, म्हणजे नाकपुड्या हलताना तिने पाहिल्या होत्या.

जेवायला बसले. टेबलावर विहीणबाईंनी वासाची मेणबत्ती लावली होती. "दोन दिवस घरात कोंदट वाटतंय नाही का, म्हणून लावते." मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी पुढे वाकून फुंकर मारली. मेणबत्ती विझली.

सगळे बघायला लागले.

"डोळ्यांना झोंबते," मामा म्हणाले.

"बाबा," मुलगी हसत म्हणाली. त्या हसण्यात दात जास्त होते.

मामा जेवू लागले. पण उजवा पाय थांबेना. डाव्या हाताने टेबलाखाली रुमालाला पीळ दिला, पाव फेरा, अर्धा फेरा, नट आवळतात तसा. बायकोने पायावर पाय ठेवला. व्याही शिस्तीच्या तिसऱ्या मुद्द्यावर आले होते. मामांनी "अगदी बरोबर" म्हटलं ते चुकीच्या जागी, कारण व्याह्यांनी तेव्हा पाणी मागितलं होतं. विहीणबाई वाढायला उठत, चमचा काढत, ड्रॉवर मिटत आणि दर वेळी तो पुसट धागा नाकाशी येई. ड्रॉवर उघडा असला की काही नाही. मिटला की आला.

त्यांनी मोजलं. चार वेळा. कोबी काही ड्रॉवर मिटायची वाट बघत नाही.

बोलावं तर मुलीची मान. न बोलावं तर... मामांनी जावयाकडे पाहिलं, तो शांतपणे भात कालवत होता. रोज सकाळी या घरात पहिली काडी मुलगीच ओढत असणार.

"हात धुऊन येतो," मामा उठले.

"बेसिन इकडे आहे," जावई म्हणाला.

"तिकडचंही पाणी बघतो," म्हणत मामा स्वयंपाकघरात शिरलेसुद्धा.

एक वाटी, भांडी घासायचा साबण, चार थेंब पाणी. बोटं आपोआप फिरायला लागली आणि जेवायला बसल्यापासून पहिल्यांदा त्यांचा पाय थांबला. हात शिरावा म्हणून शेजारचा ड्रॉवर ओढून ठेवला, सिंकखालचं दार उघडून ते आडवे झाले आणि खांद्यापर्यंत आत गेले. कॉक दिसला. त्याच्या नटाला फेस लावला. मोजायला लागले. दहा. वीस. पन्नास. साठ.

काही नाही. फुगा नाही, बुडबुडा नाही. नट ठणठणीत.

"नाही का!" मागून विहीणबाईंचा आवाज आला. आज पहिल्यांदाच शेपटाआधी वाक्य नव्हतं.

मामा आतल्या आत घामाने भिजले. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते, मोज्याला भोक पडलेले. पायांशी एकामागून एक माणसं जमली. व्याही म्हणाले, "मूळ मुद्दा असा, की काय चाललंय?" बायको म्हणाली, "झालं!"

"जोड चांगला आहे," मामा कपाटातून म्हणाले. "माझंच... माफ करा. मला वास आला."

"कोबी नाहीये घरात," विहीणबाई म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. बहुतेक जावई.

मग मुलीचा आवाज आला, अगदी जवळून. ती फरशीवर बसली होती, चांगली साडी नेसून. "कधी येतो वास, बाबा?"

"ड्रॉवर मिटल्यावर."

"मग तो उघडा ठेवून काय बघताय?" आठ वर्षांची असताना सुट्टीत वाटी धरून घरोघर हिंडणारी पोर जशी बोलायची, तशी बोलली ती. "मी मिटते. तुम्ही नळीवर फेस लावा. मागच्या बाजूला."

मामांनी हात लांबवून ड्रॉवरमागच्या नळीला फेस फासला. ड्रॉवर बिनआवाज आत आला, त्याच्या मागच्या कडेने नळी दाबून वाकवली आणि वाकलेल्या जागी फेसातून एक फुगा वर आला. मोत्याएवढा. मग बोराएवढा. फुटला. दुसरा आला.

"फुगा!" मुलगी ओरडली. तिलाही आत डोकावून दिसला होता.

"अरे बापरे, वास घालवायला हवा," म्हणत व्याह्यांनी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात खाली!" मामा गरजले. कपाटातून. हेडमास्तरांवर.

हेडमास्तरांचा हात खाली आला. पन्नास वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नसेल.

"बटणाची ठिणगी पुरते हो," मुलगी म्हणाली. तोवर तिने बापाच्या खांद्यावरून हात घालून कॉक आडवा करून गॅस बंद केला होता. "सगळे गॅलरीत चला. कुठल्याही बटणाला हात लावू नका. आई, खिडक्या. अहो, फोन बाहेर जाऊन लावा, कंपनीच्या तक्रारीच्या नंबरवर. बाबा इथेच आहेत म्हणून सांगायची गरज नाही, नाहीतर ते त्यांनाच पाठवतील."

उरलेलं जेवण गॅलरीत झालं, ताटं हातात घेऊन, थंड. विहीणबाई म्हणाल्या, "सुताराला चांगला झापते, नाही का?" आणि मामांच्या ताटात न विचारता भाजी वाढली. व्याह्यांनी एकदाच विचारलं, "साहेब, ते ठिणगीचं जरा परत सांगा," आणि खिशातून पेन काढलं.

दुपारी कंपनीचा माणूस येऊन नळी बदलून गेला. मामा त्याच्या खांद्यावरून डोकावत उभे होते. संध्याकाळी दोघं निघाले. जिना उतरताना बायको म्हणाली, "आता तरी स्वस्थ वाटतंय का?"

"हो," मामा म्हणाले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मीटरपाशी थांबले.

रस्त्याच्या वळणावर त्यांनी मागे वळून पाहिलं. मुलगी गॅलरीत उभी होती.

"नवी नळी तपासली, बाबा!" ती वरून ओरडली. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. तिची मान वरच होती. "फेस लावून! दोनदा!"

मामांनी हात हलवला. चार पावलं गेले. परत आले.

"ड्रॉवर मिटून?"