चौथा वन्समोअर

माझा धाकटा भाऊ नाटक कंपनीत बायकांची कामं करायचा. सोलापुरात कंपनी उतरली की बाया त्याच्यासारखा अंबाडा घालून बघायच्या, आणि मी त्याची सख्खी बहीण म्हणून तोऱ्यात मिरवायची. का मिरवू नये?

त्या खेपेला आई अंथरुणाला खिळलेली. पोरगं नीट जेवत नाही, एकटंच बडबडतं, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलेलं. तिनं मला बजावलं, "पदं ऐकत बसू नगंस. त्याच्या तोंडाकडं बघ. बरा न्हाय दिसला तर हाताला धरून घरी आण. म्हणावं, आईनं बोलावलंय."

रविवारी दुपारचा खेळ होता. बायकांच्या सज्जात शेजारणींना घेऊन मी अगदी पुढं बसले. तो राणी होऊन आला. गालांवर रंग होता, पण काडीसारखी झालेली मनगटं बघवत नव्हती. नेहमीचं पद सुरू झालं आणि शेवटी त्यानं भलतंच काही म्हटलं.

"सरंना दळण बाई, दमला माझा गळा,
पुढली ओवी तुझी, मला बसू दे गं जरा."

हे नाटकातलं नव्हतंच. घरी जात्यावर आई आणि मी बसायचो. एकीचा दम संपला की ती असंच काही म्हणायची, मग दुसरी पुढची ओवी उचलायची आणि पहिलीला श्वास मिळायचा. आईच्या मांडीवर डोकं ठेवून त्यानं हे रोज ऐकलेलं. एवढ्या भरल्या नाटकगृहात तो कुणाला विनवतोय, हे एकट्या मला कळलं.

लोकांना काय त्याचं! "वन्समोअर!" त्यानं परत म्हटलं. पुन्हा "वन्समोअर!" दमलो म्हणणाऱ्यालाच परत परत म्हणायला लावत होते मेले, आणि त्याचा आवाज जितका चिरत होता तितके खुळावत होते. तिसरा वन्समोअर झाला तेव्हा शेजारीण माझा दंड दाबून म्हणाली, "काय गं बाई नशीब तुझं!" मला काय झालं कोण जाणे. बाईमाणसानं ओरडायची रीत नव्हती, तरी मी उठून उभी राहिले. चौथा वन्समोअर मी मागितला.

त्यानं वर बघितलं. मग म्हटलं परत.

खेळ संपल्यावर रंगपटात गेले. तोंडावरचा रंग पुसता पुसता त्यानं विचारलं, "अक्का, आई काय म्हणाली?"

दारात शेजारणी माना उंचावून कौतुकानं बघत होत्या. त्यांच्यादेखत त्याला हाताला धरून कशी नेऊ? माझ्या तोंडून निघून गेलं, "लई खूष हाय. असंच नाव काढ म्हणाली."

"व्हय?" तो म्हणाला आणि आरशाकडं वळला.

कंपनी बार्शीला गेली. तिथून तो कुठं निघून गेला, हे कंपनीलाही सांगता येईना. अजून बाजारात तसा किडकिडीत माणूस पाठमोरा दिसला की मी भराभरा चालत पुढं जाते, वळून तोंड बघते. माझ्या पाठचं पोर ते, कुठं असेल, काय खात असेल!

आई पुढं तीन वर्षं जगली. दाराकडं तोंड करून पडलेली असायची.

"माझा निरोप दिला हुतास नव्हं?" ती विचारायची.

"दिला की," मी म्हणायची.