दोन तास नागपूरकर

माझा जन्म नाशिकचा, शिक्षण नाशिकचं, नोकरी नाशिकची. पण गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी दोन तास नागपूरचा होतो.

याला कारण आमची संध्या. (म्हणजे माझी बायको. 'आमची' म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात मीच तिचा आहे.) शाळेत इतिहास शिकवून ती निवृत्त झाली आणि तिच्या मनाने घेतलं की आपण वारसा फेरीचे गाईड व्हायचं. जुन्या नाशकातली घरं, देवळं, घाट लोकांना पायी हिंडून दाखवायचे, कुठला दगड कुणी बसवला ते सांगायचं. अशा फेऱ्या काढणाऱ्या एका संस्थेत तिने रीतसर प्रशिक्षण घेतलं. पोळ्या लाटताना ती कमानींचे प्रकार पाठ म्हणायची आणि मला नगारखान्याची माहिती ऐकल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

शेवटी असते परीक्षा. खऱ्या पर्यटकांना घेऊन खरी फेरी काढायची आणि सोबत संस्थेच्या परीक्षक मॅडम चालणार. पहिल्या खेपेला संध्या फेरी जिथून निघते त्या रविवार कारंजावरच थिजली. मुलांसमोर आयुष्यभर बोललेली बाई, पण तोंडातून शब्द फुटेना! घरी येऊन ती मेथी निवडत बसली आणि निवडून झालेली मेथी पुन्हा निवडली. मला फार वाईट वाटलं. इतकं मनापासून तिने कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता दुसरी खेप होती आणि शेवटचीच. आदल्या संध्याकाळी संस्थेचा फोन आला: नावं तीनच आलीत, पाच तरी माणसं हवीत, नाहीतर फेरी रद्द.

"त्यात काय, मी येतो," मी म्हणालो.

"नियम आहे. घरचं कुणी चालत नाही. कळलं तर मी बाद."

"मी घरचा आहे हे कळणार कसं?"

"तुम्ही तोंड उघडलंत की कळेल," ती म्हणाली आणि आत गेली.

यावर शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी मनमाडला अक्काला फोन लावला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा. ती वाजली की गोदावरीच्या दोन्ही काठांना कळतं. तिने तिच्या मोबाईलवरून दोन नावं नोंदवली आणि पाच माणसं भरली!

सकाळी रविवार कारंजावर मी माकडटोपी आणि काळा चष्मा घालून हजर झालो. शेजारी अक्का, पहिल्या गाडीने आलेली. मुंबईचं एक तरुण जोडपं होतं आणि वही घेऊन आलेला वास्तुकलेचा एक विद्यार्थी. संध्याने आम्हाला पाहिलं मात्र, तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण बोलणार काय? परीक्षक मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

"आपण कुठले?" मॅडमनी मला विचारलं.

"नागपूर," मी ठोकून दिलं. (का, ते विचारू नका. भीतीच्या वेळी माणसाला लांबचं गाव आठवतं.)

"अय्या! माझं माहेर नागपूरचं! कुठल्या भागात?"

नागपुरात मी एकदाच गेलोय, तेही लग्नाला, आणि कार्यालयाबाहेर पडलो नव्हतो.

"स्टेशनजवळ," मी म्हणालो. स्टेशन प्रत्येक गावाला असतंच.

तेवढ्यात अक्का पुढे झाली. अनोळखी माणसासारखं वाग, असं मी तिला शंभरदा बजावलं होतं आणि तिने ते फारच मनावर घेतलं. सख्ख्या भावजयीला हात जोडून ती म्हणाली, "नमस्कार मॅडम! आपण विवाहित का?"

संध्याने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, ही पुन्हा थिजणार. पण तिने एक श्वास घेतला, "चला, निघू या," म्हणाली आणि जी सुरू झाली ती थेट सराफ बाजारापर्यंत थांबली नाही. तुळया कशा जोडल्यात, खिडक्यांच्या वर कोरीव पोपट का असतात, गल्ल्या अरुंद ठेवल्या तर उन्हाळ्यात सावली कशी राहते! विद्यार्थी भराभर चित्रं काढत होता. मी हे सगळं पोळ्यांबरोबर ऐकलं होतं, तरी अंगावर काटा आला.

मग आम्ही भांडी बाजारात शिरलो.

"काय साहेब!" दुकानदार गल्ल्यावरूनच ओरडला. "तुमची पातेली कल्हई होऊन आठवडा झाला! न्या की राव!"

मी मागे वळून पाहिलं, जणू साहेब दुसराच कुणी आहे.

"अहो, तुम्हालाच म्हणतोय! टोपी घातली म्हणून काय झालं? चाल ओळखतो ना मी!"

"तुमची काहीतरी चूक होतेय. मी नागपूरचा."

"नागपूरचे?" दुकानदार दुखावला. "तीस वर्षं माझ्याशी घासाघीस करताय आणि आज नागपूरचे? पैसे नंतर द्या, पण ओळख तरी ठेवा!"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लक्ष दुसरीकडे वळवायला हवं होतं, म्हणून समोर जे देऊळ दिसलं त्याकडे हात करून मी संध्याला विचारलं, "मॅडम, हे लाकूड कुठलं?"

"हा दगड आहे," संध्या शांतपणे म्हणाली.

"आमच्या नागपूरला हे असं..."

"तिथेही दगड दगडच असतो." आणि ती पुढे चालू लागली. मुंबईची जोडी खुदकन हसली. अक्का माझ्या कानाशी येऊन 'हळू' बोलली, "बाळू, तू गप्प बस रे!" हे बहुधा नदीपलीकडे पंचवटीतही ऐकू गेलं.

मी ठरवलं, आता ओठ शिवून टाकायचे. घाटापर्यंत ते शिवलेलेच होते. शेवटचा थांबा दुतोंड्या मारुती. गोदेच्या पात्रात उभी असलेली ती उंच मूर्ती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. पावसाळ्यात आम्ही पाणी फुटात मोजत नाही. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं विचारतो. संध्याचा आवाज आता छान मोकळा झाला होता. दोन मिनिटांत परीक्षा संपणार होती.

"मारुतीच्या छातीला पाणी लागलं," ती सांगत होती, "की भांडी बाजारातले लोक माल वरच्या मजल्यावर हलवतात. त्या मोठ्या पुरात तर..."

आता मला सांगा, कुठला नाशिककर इथे गप्प बसेल? बायकोचं वाक्य, बायकोची परीक्षा, बायकोचं भविष्य, सगळं विसरून मी ओरडलो, "छातीला कसलं? डोक्यावरून गेलं होतं पाणी! मी स्वतः पुलावर उभा होतो!"

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"पूर बघायला नागपूरहून आला होतात?" मॅडमनी विचारलं.

आता अक्काला भावाची बाजू घ्यायची होती. "खरंच उभा होता हो! मी मनमाडहून फोन करून करून थकले! ही संध्याच रडत म्हणाली, अक्का, हे अजून पुलावरच आहेत!"

संपलं. मी चष्मा काढला. टोपीही काढली, कारण घामाने डोकं भिजलं होतं. संध्याकडे बघायची हिंमत होईना. एका वर्षाची मेहनत मी मारुतीच्या पायाशी बुडवली होती.

संध्या पुढे आली. "मॅडम, हे माझे मिस्टर. या माझ्या नणंदबाई. मी नको म्हटलं होतं, तरी आले. पण सकाळीच तुम्हाला सांगायला हवं होतं. मला बाद केलंत तरी चालेल."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर यांनी तिथेच खुलासा सुरू केला असता. फेरी निघालीच नसती."

मॅडमच्या ओठांचा कोपरा जरा हलला. "आणि पुराचं?"

"डोक्यावरूनच गेलं होतं. मी तेच सांगत होते. यांनी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही."

मॅडमनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "बाई, मी पुष्कळ परीक्षा घेतल्या. माहिती सगळ्यांनाच पाठ असते. पण खोटं गाव सांगणारा, दगडाला लाकूड म्हणणारा, शेवटच्या वाक्यात बोंब मारणारा असा पर्यटक सोबत असताना जी बाई दोन तास आवाजही चढवत नाही, तिला मी कशाच्या जोरावर नापास करू? घरचं माणूस मदत करतं म्हणून तो नियम आहे. यांनी कसली मदत केली?"

संध्या तिथेच पायरीवर बसून रडली आणि हसली. अक्काने पदराने तिचे डोळे पुसले. मीही पुढे झालो, पण रुमाल म्हणून माकडटोपी तिच्या हातात द्यावी इतकंच मला सुचलं.

आता दर रविवारी संध्याच्या फेऱ्या असतात आणि मला तिथे फिरकायची बंदी आहे. तरी मी रिकामा बसत नाही. नव्या गाईडची परीक्षा असली की संस्थेतून मला आवर्जून बोलावणं येतं. वाटेल ते विचारा, मधेच बोला, अगदी तुमचा स्वभाव तसाच ठेवा, असं मॅडम सांगतात. मला वाटायचं, माझ्या अभ्यासामुळे बोलावतात. परवा त्यांच्या टेबलावर परीक्षेचा कागद दिसला. त्यात शेवटी 'अवघड प्रश्न' असं लिहिलं होतं आणि त्यापुढे माझं नाव!