दोनशे चौसष्ट पावले

खून आणि दरोडे मी पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका विहिरीचे प्रकरण मात्र अजून तपशिलासकट आठवते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी नवा फौजदार होतो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी जवळच्या खेड्यातला एक सधन शेतकरी फिर्याद घेऊन आला. त्याने रीतसर अर्ज करून शेताची सरकारी मोजणी करून घेतली होती. तीत त्याची हद्द जुन्या बांधाच्या पलीकडे तेरा फूट निघाली. मोजणीदाराने तिथे दगड रोवले. दुसऱ्याच दिवशी शेजारणीने ते उपटून नाल्यात टाकले. सरकारी हद्दीच्या खुणा काढणे हा कलम ४३४ खाली गुन्हा होता. दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन मी तपास हाती घेतला.

शेजारीण पन्नाशीची विधवा होती. दोन एकरांत भाजीपाला पिकवून ती बाजारात आणि तालुक्याच्या सरकारी घरांतून विकत असे. तिने काहीच नाकारले नाही.

"हाव सायेब, म्याच उपटले. लिहा कागदात. त्या तेरा फुटात माही इहीर हाये. माह्या मालकानं सवताच्या हातानं खनली. आता हा म्हन्ते, इहीर त्याची. काट्या लावल्या भवताल. वांगे, मिरच्या उभ्या जळून राह्यल्या. मंग काय त्या दगडाले शेंदूर लावू?"

पाण्यासाठी ती नाल्यावरून घागरी वाहत होती. तशाने भाजी फार तर आठ-दहा दिवस तगली असती.

घटनास्थळाच्या पंचनाम्याला नकाशा जोडावा लागतो. फिर्यादीच्या शेताच्या टोकाला एक जुना, वादातीत दगड होता. तिथून दोन शेतांमधल्या हद्दीपर्यंतचे अंतर सरकारी कागदाप्रमाणे वीस साखळ्या, म्हणजे सहाशे साठ फूट होते. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असते. नकाशा काढायचा म्हणून मी जमादाराला चालत अंतर घ्यायला सांगितले. जमादार सुलतानपूरकडचा, फौजेतून निवृत्त होऊन पोलिसात आलेला. तो मोठ्याने मोजत निघाला आणि दोनशे चौसष्टावर थांबला. बरोबर जुन्या बांधावर.

"अजून पुढे, जमादार. दगडांचे खड्डे पलीकडे आहेत."

"सायेब, अडीच फुटाचं एक पाऊल. सहाशे साठ फूट इथंच भरले."

मी हसलो आणि पुन्हा मोजायला लावले. पुन्हा दोनशे चौसष्ट.

"फौजेत या पावलासाठी वर्षभर काठी खाल्ली, सायेब," तो म्हणाला. "कागद चुकन. पाय नाई चुकत."

दुसऱ्या दिवशी बांधकाम खात्याकडून पोलादी फीत आणली. जुना बांध सहाशे साठ फुटांवर होता, दगडांचे खड्डे सहाशे त्र्याहत्तर फुटांवर. पाय खरा होता, नव्या मोजणीचा कागद खोटा.

माझा संशय अर्थातच मोजणीदारावर गेला. फिर्यादी पैसेवाला, बाई एकटी. अशा जागी लाच हे पहिले उत्तर असते. मोजणीदाराला ठाण्यात बोलावून मी दिवसभर उलटसुलट विचारले. तो तिशीतला, शिस्तीचा माणूस. प्रत्येक साखळीला जमिनीत एक सुई रोवतात. वीस सुया त्याने स्वतः रोवल्या आणि मोजल्या होत्या. गावच्या पाटलानेही त्या मोजल्या होत्या.

संध्याकाळी तो म्हणाला, "साहेब, मला निलंबित करा, पण चोर म्हणू नका. मी वीस साखळ्याच मोजल्या."

खोटे बोलणारा माणूस तिसऱ्या वेळी हकिगत सुधारून सांगतो. याची हकिगत पाचव्या वेळीही तीच होती. त्याला सोडले. तपास जागच्या जागी थांबला.

मोजणीच्या दिवशी काही वावगे दिसले का, एवढे विचारायला मी जमादाराला घेऊन पुन्हा बाईच्या शेतावर गेलो. ती वांग्यांना तांब्याने पाणी घालत होती.

"वावगं कायचं? चौघं आले, साखळी ओढत गेले. तीच साखळी, जिचा पंचमीले झोका बांधला होता."

"कुठे?"

"त्याइच्याच कचेरीत, लिंबाले. मी भाजी घेऊन गेल्ती नं. पितळेचे बिल्ले खुळखुळ वाजत होते. आमच्या गावात दोराचा झोका रायते. म्या म्हटलं, सरकारी लोकं, सरकारी झोका!"

जमादाराने माझ्याकडे पाहिले. साखळीवर अंतराच्या खुणेसाठी असे पितळी बिल्ले असतातच.

त्याच दुपारी आम्ही मोजणी कार्यालयात गेलो. लिंबाच्या आडव्या फांदीची साल दोन ठिकाणी कापली गेली होती आणि आतल्या लाकडावर गंजाचे पट्टे होते. आजूबाजूला जे दिसले ते टिपून घेतले. मोजणीचे बावटे लावायचे बांबू रोवून त्यांवर घरची धुणी वाळत होती. नकाशा काढायच्या फळीवर वड्या घातल्या होत्या. नियम असा होता की, आवारात तेहतीस फुटांवर पक्क्या बसवलेल्या दोन दगडांवर दर सोमवारी साखळी ताणून तपासायची आणि वहीत सही करायची. वहीत कार्यालयाच्या मोठ्या कारकुनाची सही एकही सोमवार चुकली नव्हती. पण त्या दोन दगडांतला एक, आवारातच राहणाऱ्या याच कारकुनाच्या घरच्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली होता. सरपणाचा तो ढीग महिनोन्‌महिने हललेला नव्हता.

शिपायाला बाजूला घेतले.

"सायेब, मी नौकर मानूस. कारकूनसायबाच्या बाईसायबानं सांगतलं, दोर हाताले काचते, साखळी आन. आनली. मंग पुसून जाग्यावर ठेवली."

"एकच दिवस होती?"

"पंचमीपासून पोळ्यापर्यंत."

"किती जणी बसायच्या?"

"बसाच्या दोघी, सायेब. अन् वरतून दोघी उभ्या."

मोठा कारकून शांत होता. "साहेब, वस्तू जागेवर आहे. एक कडी हरवलेली नाही. घरच्या बायकांनी सणाला चार झोके घेतले, यात गुन्हा कोणता?"

मी जिल्ह्याच्या भूमी अभिलेख अधिकाऱ्यांना निरोप पाठवला. ते तिसऱ्या दिवशी आले. पऱ्हाटी हलवली. सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर साखळी दोन दगडांवर ताणली. कड्यांची तोंडे थोडी थोडी उघडली होती. एकेक पाहता काहीच वाटले नसते. सगळी मिळून साखळी दगडाच्या आठ इंच पुढे गेली.

गर्दीतून मोजणीदार पुढे आला. "वीस साखळ्या, प्रत्येकी आठ इंच," तो मोठ्याने म्हणाला. "एकशे साठ इंच. तेरा फूट चार इंच." मोठ्या कारकुनाने मान खाली घातली.

पंचमीनंतरच्या सगळ्या मोजण्या अधिकाऱ्यांनी जागीच रद्द केल्या. खोट्या सह्यांबद्दल मोठ्या कारकुनावर खात्याची कारवाई झाली. नव्या साखळीने पहिली फेरमोजणी बाईच्या शेताची झाली. मोजायला तोच मोजणीदार होता. वीस साखळ्या जुन्या बांधावर भरल्या, तेव्हा जमलेल्या गावाने आरोळी ठोकली. फिर्यादीने निमूटपणे काट्या काढल्या आणि फिर्याद गैरसमजाची होती असे लिहून दिले. दंडाधिकाऱ्यांनी बाईवरचे प्रकरण मिटवले.

बाईने बादली सोडली, पहिले पाणी मिरचीला घातले आणि दुसरे आम्हाला पाजले. मग तोंडाला पदर लावून हसू लागली.

"काऊन हसता, बाई?" जमादाराने विचारले.

"आता सांगतो सायेब, गुन्हा नका लावजा. पंचमीले त्या बायाइनं मले बी बसवलं होतं. म्या चांगले दहा-बारा झोके घेतले. म्हंजे माही इहीर म्याच ढकलली म्हना की!"

आम्ही विजयी मुद्रेने ठाण्यात परतलो. अहवाल लगेच रवाना करायचा होता. मी ठाण्याची सायकल काढायला सांगितली. जमादार हलला नाही.

"सायकल नाई, सायेब."

"कुठे गेली?"

"तुमच्या घरचं दळन आनाले."

पुढच्या नोकरीत मी लाचखोर पकडले, अफरातफरी उघड केल्या. ती माणसे आपण काय करतो हे जाणून असत. मोठा कारकून जाणत नव्हता, आणि त्या संध्याकाळपर्यंत मीही नाही. वस्तू जागेवर परत ठेवली की हिशेब मिटला, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. सरकारी साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोणाची तरी विहीर असते, हे मला त्या बाईने शिकवले.

अहवाल त्या दिवशी मी स्वतः चालत जाऊन टपालात टाकला. दुसऱ्या दिवसापासून आमचे दळण डोक्यावरून येऊ लागले.